रॉकच्या नकाशावर अरणगाव

"रॉक हे पुण्या-मुंबईचं खूळ," असं कुणी म्हणालं की मी अरणगावचं नाव घेतो. नगरपासून हाकेच्या अंतरावर, दौंड रस्त्याला मेहेराबाद. तिथे मेहेरबाबांची समाधी. इंग्लंडच्या 'द हू' बँडचा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. १९७१ च्या 'बाबा ओ'रायली'तला बाबा म्हणजे हेच! (रायली आला संगीतकार टेरी रायलीवरून. गाण्यात मात्र हे नाव एकदाही येत नाही.) १९७२ ला तो समाधीवर येऊनही गेला.

आज आपलीच पोरं गिटारवर स्वतःची मराठी गाणी रचतायत, मोबाईलवर रेकॉर्ड करतायत. मी रात्र रात्र ऐकतो. भन्नाट! पण वाजवायला धड जागा नाही. मंडळांनो, डीजेच्या वर्गणीतली एक संध्याकाळ त्यांना द्या की.