ओवरी आणि वाटसरू

देवालयाच्या जीर्णोद्धाराचे काम तडीस गेले. गाभारा, सभामंडप आणि शिखर यांविषयी या स्मरणिकेत जाणत्या मंडळींनी लिहिले आहेच. स्मरणिका समितीने मला विषय दिला तो ‘आपल्याकडील यात्रा, प्रवास व आतिथ्य’ हा. विषय मोठा आणि पाने थोडी, तेव्हा देवळाच्या आवारातील ज्या भागाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही त्या ओवऱ्यांपासूनच आरंभ करतो. यंदा ओवऱ्यांनाही नवी फरशी बसली, दारे लागली आणि दारे लागताच किल्ल्या कोणाच्या हाती राहणार हा प्रश्न उभा राहिला. बाहेरगावचे लोक आता मोटारी घेऊन दर्शनाला आणि हवापालटाला येऊ लागले आहेत. ओवऱ्या त्यांना भाड्याने द्याव्यात, की पूर्वीप्रमाणे येईल त्याला मोकळ्या ठेवाव्यात, याविषयी गावात दोन मते आहेत. माझे मत पुढे येईलच. आधी मागचे थोडे पाहू.

आगगाडी व मोटार येण्यापूर्वी यात्रेकरू पायी निघे. खांद्यावर वळकटी, पडशीत शिधा आणि विहिरीचे पाणी काढण्यास तांब्या-दोरी. दिवस मावळावयाच्या आत एखादे गाव गाठावयाचे, मारुतीच्या देवळात किंवा चावडीत पथारी टाकावयाची आणि तीन दगडांची चूल मांडावयाची, असा क्रम असे. गावाने द्यावयाचे ते छप्पर, पाणी, चार काटक्या सरपण आणि रात्रीची राखण. मोठ्या वाटांवर धर्मशाळा, बारवा आणि उन्हाळ्यात पाणपोया असत. सदावर्त आणि अन्नछत्र हे दोन शब्द आपण आता एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत भेद होता. अन्नछत्रात शिजलेले अन्न पानावर पडे. सदावर्तात पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा मिळे, कारण परक्याच्या हातचे शिजलेले पुष्कळांना चालत नसे. म्हणजे दान देतानाही विटाळाचा हिशेब मनात असेच. हा हिशेब पुढे पुन्हा भेटेल.

या कामात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव पहिले घ्यावे लागते. १७६७ ते १७९५ या काळात माळव्याचा कारभार करीत असताना त्यांनी आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर, थेट काशी-गयेपासून दक्षिणेपर्यंत, घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली. काशीविश्वेश्वराचे १७८० च्या सुमारास पुरे झालेले देवालय सर्वांच्या तोंडी आहे. पण मला अधिक मोलाची वाटते ती त्यांची व्यवस्था. खर्च होई तो होळकरांच्या खासगीतून, आणि ठिकठिकाणी कायमच्या नेमणुका करून दिलेल्या असत, म्हणजे बांधणारा गेला तरी चूल विझू नये. इमारत बांधणे एक वेळ सोपे आहे. ती रोज झाडणे, तेथे पाणी भरणे आणि दिवा लावणे याला पिढ्यान्‌पिढ्या खर्च लागतो. जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा करताना आपणही हे अनुभवले. शिखरासाठी हात सैल सुटतात, संडासासाठी कोणी पावती फाडीत नाही.

तीर्थक्षेत्री दुसरी एक पद्धत होती, ती क्षेत्रोपाध्यांची. नाशिक-त्र्यंबकास व पंढरपुरास यजमान उतरे तो आपल्या उपाध्याच्या घरी. उपाध्यायाच्या वहीत त्याच्या वाडवडिलांची नावे लिहिलेली असत. आजही नाशिकला वह्या उघडून सात पिढ्यांची नावे वाचून दाखविणारे आहेत. परक्या गावात पाऊल टाकताच आपल्या पणज्याचे नाव घेणारा कोणी भेटावा, यात माणसाला केवढा धीर वाटत असेल! पण हे आतिथ्य दक्षिणेच्या आशेवर चाले, आणि ती आशा पुढे पुढे हक्कात बदलली. पंढरपुरात बडवे-उत्पातांच्या हक्कांविषयी तक्रारी इतक्या वाढल्या की १९७३ मध्ये राज्य शासनाने मंदिराचा कायदा केला, त्यावर वर्षानुवर्षे कज्जे चालले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणावर पडदा टाकला. पाहुण्याकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहण्याची सुरुवात पर्यटनाने केली असे जे म्हटले जाते, ते म्हणूनच मला पटत नाही. ती सवय जुनी आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अतिथीला देव मानावे असे तैत्तिरीय उपनिषदात सांगितले आहे, आणि अलीकडे केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याने ते वचन जाहिरातींतून घरोघर पोहोचविले. परंतु अतिथी कोणाला म्हणावयाचे? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात याचे स्पष्ट उत्तर आहे. एक रात्र राहणारा ब्राह्मण तो अतिथी. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी ठरत नाही. वैश्य किंवा शूद्र आलाच तर त्याला दया म्हणून नोकरांबरोबर जेवू घालावे. आणि या चौघांच्याही बाहेर ज्यांना ठेवले होते, त्यांची त्या पंगतीत गणतीच नाही.

गावगाड्यात हे कसे चाले ते आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. वेशीवर येसकर असे, तो महार. परक्या माणसाला प्रथम तोच भेटे. वाट दाखविणे, सरकारी अंमलदार आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत पोहोचविणे, त्याच्या घोड्याला दाणावैरण करणे हे त्याचे वतनी काम होते. म्हणजे गावाचे आतिथ्य ज्याच्या पायांवर चाले, त्याला देवळाच्या ओवरीत बसता येत नसे आणि पाहुण्यासाठी काढलेल्या पाण्याला शिवता येत नसे. ही कनिष्ठ वतने मुंबई सरकारने १९५८ च्या कायद्याने रद्द केली. आपल्या गावात असे नव्हते, असे कोणी म्हणेल. जुनी माणसे अजून आहेत. पायरीच्या खाली कोण उभे राही, ते त्यांना विचारावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. त्यातील दोन प्रसंग प्रवासाचे आहेत, म्हणून येथे सांगतो. पहिला १९०१ सालचा. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा अशी पोरे साताऱ्याहून वडिलांकडे जावयास निघाली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. पोरांनी दुप्पट भाडे देऊ केले. तेव्हा एक जण तयार झाला, पण अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकावयाची आणि आपण बाजूने चालावयाचे. बरोबर जेवण भरपूर होते. पाणी मात्र कोणी दिले नाही. रात्री जकातनाक्याच्या माणसाकडेही त्यांनी पाणी मागितले, ते मिळाले नाही, आणि उशाशी डबे ठेवून पोरे उपाशी निजली. दुसरा प्रसंग १९३४ चा, आणि तो तर सरळ पर्यटनाचाच आहे. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. प्रवासाने अंग धुळीने भरलेले, म्हणून दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तोच हौद बाटविला अशी ओरड झाली आणि लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ला पाहू दिला तो आत कोठेही पाण्याला शिवावयाचे नाही या अटीवर, आणि त्यावर लक्ष ठेवण्यास बरोबर एक हत्यारी शिपाई देऊन. ओरडणारे मुसलमान होते, हेही बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. विटाळाला धर्माचीही वेस अडवीत नव्हती.

दोन्ही वेळी पैशाचा प्रश्न नव्हता. भाडे दुप्पट द्यावयाची तयारी होती. किल्ला सर्वांना पाहावयास खुला होता.

कायद्याने हे बदलू लागले ते ४ ऑगस्ट १९२३ रोजी. त्या दिवशी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत असा तो ठराव. त्यात आणखी एक शब्द होता, ‘धर्मशाळा’. शाळा आणि विहिरी सर्वांच्या लक्षात राहिल्या, धर्मशाळा मात्र आपण विसरलो. ठराव कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यावे लागले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले आणि विहिरी, तलाव, स्नानाचे घाट या सर्वांचा नावानिशी उल्लेख आला. परगावी गेलेल्या माणसाला जे जे लागते, त्याचीच ती यादी आहे.

कायद्याची वाट न पाहता हे काम हाती घेतले ते गाडगे महाराजांनी. शेंडगावच्या या परीटाच्या पोराने, डोईवर खापर आणि हाती खराटा घेऊन, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभी केली. देवाच्या दारी समाधी असलेल्या त्या संताच्या जातभाईंना वारीला आल्यावर पाठ टेकावयास जागा नव्हती, हे त्यांच्या मनाला लागले होते. १९४९ मध्ये ही इमारत त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. एवढ्या इमारती बांधल्या, पण एकीवरही मालकी ठेवली नाही. मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आज परगावाहून येणारे कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक उतरतात. यात्रा कोणती का असेना, छप्पर तेच.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण आरंभिले. ज्या क्षेत्री आषाढीला लाखो लोक ओसरी-ओसरीवर मावतात, तेथे एका उपाशी माणसाला बसावयास जागा मिळेना! ती दिली तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. मंदिराची दारे उघडली याचे श्रेय गुरुजींना आहेच, पण त्याआधी एका मठाचे दार उघडले होते, ही गोष्ट इतिहासात फारशी ठळक लिहिली जात नाही.

पुढचा काळ आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. १९४८ मध्ये एस. टी. सुरू झाली, १९७५ मध्ये राज्याचे पर्यटन महामंडळ निघाले, त्याच्या निवास-न्याहारी योजनेने कोकणातील कित्येक घरांना चार पैसे मिळू लागले. शेतीला जोडून पर्यटन करावे असे शासनाचे धोरण आहे. यात वाईट काही नाही. शहरातील माणसाने हुरडा खावा आणि शेतकऱ्याने त्याचे दाम घ्यावेत, हा चोख व्यवहार आहे आणि त्यात कोणाचा अपमान नाही. मला खुपते ते दुसरे. पूर्वी जात पाहून ओवरी मिळे, आता खिसा पाहून मिळते. मोठमोठ्या देवस्थानांत पैसे भरून लवकर दर्शन घेण्याची सोय झाली आहे आणि उन्हात उभ्या असलेल्या रांगेसमोरून तो पाहुणा आत जातो. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची कीर्ती याउलट झाली. तेथील खोल्या बेताच्या दरात मिळतात आणि स्वच्छ असतात. सेवेकरी पाळीपाळीने येऊन विनावेतन सेवा करतात आणि येणाऱ्याला ‘माउली’ म्हणून हाक मारतात. भाडे घेऊनही आतिथ्य राहू शकते, याचे हे उदाहरण.

आणखी एक बाजू आहे, पाहुण्याच्या मागे उरणाऱ्या घाणीची. वारी सरल्यावर पंढरपुरात मैला हाताने उचलणारी माणसे कोण असत, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. २०१३ मध्ये असे काम करवून घेण्यास बंदी घालणारा नवा कायदा झाला, आणि २०१५ पासून ‘निर्मल वारी’ या नावाने पालखीच्या मार्गावर फिरते संडास ठेवण्यास आरंभ झाला. वाळवंटात कीर्तन रंगले, अन्नदानाच्या पंगती उठल्या, पण पहाटे टोपली उचलणाऱ्याचे नाव कोणत्याही दानपत्रावर नव्हते. गडकिल्ल्यांवर आज बाटल्या आणि पिशव्यांचा जो खच पडतो, तोही वेचणारे कोणी वेगळेच असतात.

आता आपल्या ओवऱ्या. ओवऱ्या आठ आहेत. माझ्या मते सहा भाड्याने द्याव्यात, कारण झाडलोट, वीज आणि डागडुजी यांची नेमणूक करून ठेवील असे खासगीचे उत्पन्न आपल्या देवाला नाही. भाड्यातून पहिली रक्कम संडास धुणाऱ्याच्या पगाराची काढावी, मग समईच्या तेलाची. वेशीकडच्या दोन ओवऱ्यांची दारे मात्र काढून टाकावीत आणि त्या येईल त्याला मोकळ्या ठेवाव्यात. ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे, नंदीबैलवाले, मेंढरांमागचे धनगर आपल्या वाटेवरून दरसाल जातात. तेही प्रवासीच आहेत, आणि त्यांच्या लेकराबाळांना रात्री पाऊस लागतो. नोंदवहीत नाव-गाव लिहावे लागेल हे मान्य. पण वही उघडण्यापूर्वी आडनाव विचारावयाचे आणि मग खोली शिल्लक आहे की नाही ते ठरवावयाचे, ही युक्ती काही गावांत अजून चालते असे ऐकतो. ती आपल्याकडे शिरू नये, एवढे समितीने पाहावे.

राहता राहिली पाण्याची गोष्ट. नव्या टाकीचा नळ कमानीच्या आत बसवावयाचा की बाहेर, रस्त्याच्या अंगाला, हे अद्याप ठरलेले नाही. बाहेर बसविला तर पाणी वाया जाईल, गुरे येतील, चिखल होईल, असे काहींचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. तरीही तो बाहेर बसवावा आणि खाली दगडी डोणी ठेवावी, असे मी समितीला लेखी कळविले आहे. ही स्मरणिका आपल्या हाती पडेपर्यंत गवंड्याने कोठे खोदले ते दिसेलच.