'सेन्स एट' बंद झाली आणि चाहते पेटून उठले. पण नेटफ्लिक्सने नेमकं ऐकलं किती?

१ जून २०१७. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं पुणतांबा त्या दिवशी राज्यभर चर्चेत होतं. एरवी चांगदेव महाराजांची समाधी आणि शिर्डीकडे वळणारा रेल्वेफाटा यांच्यामुळे ओळखलं जाणारं हे गाव. तिथल्या शेतकऱ्यांनी एप्रिलमध्ये ग्रामसभा घेऊन संपाचा ठराव केला होता आणि १ जूनपासून शहरांकडे जाणारं दूध, भाजीपाला थांबायला सुरुवात झाली.

त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत नेटफ्लिक्सने जाहीर केलं की 'सेन्स एट' ही सायन्स फिक्शन मालिका बंद होतेय. काही तासांतच जगभरातले चाहते सोशल मीडियावर तुटून पडले.

या दोन गोष्टींची बरोबरी होऊच शकत नाही. एकीकडे घर चालवायचा प्रश्न, दुसरीकडे मनोरंजन. पण त्या जून महिन्यात दोन्हीकडे एक प्रश्न सारखाच होता. लोक एकत्र येऊन बोलायला लागले, तर समोरचा कितपत ऐकतो आणि कशामुळे ऐकतो?

मालिका नेमकी होती काय?

'द मॅट्रिक्स' बनवणाऱ्या लाना आणि लिली वाचोव्स्की या बहिणी आणि लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांची ही मालिका ५ जून २०१५ ला आली. एकाच दिवशी जन्मलेली आठ माणसं, जगाच्या वेगवेगळ्या शहरांत राहणारी. एक दिवस त्यांची मनं एकमेकांशी जोडली जातात. एकाला मार लागला तर दुसऱ्याला कळ जाणवते, एकाचं कौशल्य दुसऱ्याला वापरता येतं.

या आठ जणांत एक आहे मुंबईची कला दांडेकर. औषधशास्त्र शिकलेली, गणपतीची भक्त, लग्न ठरलंय पण मन तयार नाही. ही भूमिका टीना देसाईने केली आणि कलाच्या वडिलांची अनुपम खेर यांनी. एवढ्या मोठ्या परदेशी मालिकेच्या मुख्य पात्रांत मराठी आडनाव दिसणं हे तेव्हा दुर्मीळच होतं.

आपल्याकडच्या प्रेक्षकांना काय खटकलं?

मालिका आली तेव्हा नेटफ्लिक्स भारतात नव्हतंच. ते आलं ६ जानेवारी २०१६ ला. त्यामुळे इथल्या अनेकांनी पहिला सीझन उशिराच पाहिला.

कला आवडली, पण तिच्या भोवतीची मुंबई अनेकांना पटली नाही. दांडेकरांच्या घरात सगळे इंग्रजीत बोलतात. देऊळ, लग्न आणि बॉलीवूड पद्धतीचा नाच, म्हणजे परदेशी माणसाच्या डोक्यात असलेला भारत पडद्यावर आला, अशी टीका झाली. इंग्रजीची तक्रार फक्त आपल्याकडची नव्हती. सोल, बर्लिन, मेक्सिको सिटी, सगळीकडची पात्रं प्रेक्षकांसाठी इंग्रजीच बोलत होती.

दुसऱ्या बाजूला या मालिकेने ज्यांना धरून ठेवलं, ते घट्ट धरून ठेवलं. नोमी ही ट्रान्सजेंडर व्यक्तिरेखा ट्रान्सजेंडर अभिनेत्री जेमी क्लेटनने केली होती. लिटो हा समलिंगी नायक होता. जगभरातल्या एलजीबीटी प्रेक्षकांना आपली गोष्ट कुणीतरी सन्मानाने सांगतंय असं वाटलं. त्यांच्यासाठी ही केवळ वीकेंडला बघायची मालिका नव्हती.

मग बंद का केली?

सरळ कारण होतं पैसा. पहिल्याच सीझनचं चित्रीकरण मुंबई, नैरोबी, सोल, लंडनसह नऊ शहरांत झालं होतं. दुसऱ्या सीझनच्या एका भागाचा खर्च ९० लाख डॉलरच्या घरात गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. एवढ्या खर्चाच्या मानाने प्रेक्षक कमी, हा नेटफ्लिक्सचा हिशोब.

दुसरा सीझन ५ मे २०१७ ला आला होता. बंदची घोषणा झाली अवघ्या २७ दिवसांनी. गोष्ट एका मोठ्या वळणावर अडकलेली. त्यात १ जून म्हणजे प्राइड महिन्याचा पहिला दिवस. चाहत्यांचा राग आणखी वाढला तो यामुळे.

ऑनलाइन अर्जावर लाखो सह्या झाल्या. हॅशटॅग चालले. फोन, ईमेल, पत्रं गेली. आठवडाभराने नेटफ्लिक्सने चाहत्यांना उत्तर दिलं. त्याचा सूर असा होता, की तुमचं सगळं वाचलं, खूप विचार केला, पण जमणार नाही.

इथे विषय संपायला हवा होता. पण २९ जूनला लाना वाचोव्स्की यांनी चाहत्यांना पत्र लिहून दोन तासांचा शेवटचा भाग येणार असल्याचं जाहीर केलं. ८ जून २०१८ ला तो आला, तोही अडीच तासांचा. तिसरा सीझन मात्र कधीच आला नाही.

याआधी असं कुणाला जमलंय?

या प्रकाराची सुरुवात सांगितली जाते ती 'स्टार ट्रेक'पासून. १९६७-६८ मध्ये दुसऱ्या सीझननंतर ही मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. बीजो आणि जॉन ट्रिम्बल या जोडप्याने पत्रमोहीम उभी केली. एनबीसीकडे लाखाहून जास्त पत्रं आली. मार्च १९६८ मध्ये वाहिनीला टीव्हीवरूनच सांगावं लागलं की मालिका सुरू राहणार आहे. मात्र तिसऱ्या सीझनला वेळ मिळाली शुक्रवारी रात्री १० ची आणि बजेटही कापलं गेलं. १९६९ मध्ये मालिका संपली. पण तेवढ्या भागांमुळे तिचं पुनर्प्रसारण वर्षानुवर्षं चाललं आणि खरी लोकप्रियता तिथून आली.

२००७ मध्ये 'जेरिको' बंद झाली, तेव्हा चाहत्यांनी सीबीएसच्या कार्यालयात सुमारे २० टन शेंगदाणे पाठवले. मालिकेतल्या एका संवादात 'नट्स' हा शब्द होता, त्यावरून ही शक्कल. वाहिनीने ७ भाग वाढवून दिले.

२०१८ मध्ये 'द एक्सपान्स' साय-फाय वाहिनीने सोडली. चाहत्यांनी वर्गणी काढून अॅमेझॉनच्या स्टुडिओवरून बॅनर लावलेलं विमान फिरवलं. त्याच मे महिन्यात जेफ बेझोस यांनी मालिका अॅमेझॉन घेत असल्याचं सांगितलं. पुढे तिचे आणखी तीन सीझन आले.

आवाज कधी ऐकला जातो?

ही उदाहरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. फक्त चाहते किती चिडले यावर निकाल लागत नाही. समोरच्याला त्यातून काय मिळणार किंवा त्याचं काय जाणार, हे महत्त्वाचं ठरतं. 'द एक्सपान्स'साठी दुसरा गिऱ्हाईक तयार होता, म्हणून ती वाचली. 'सेन्स एट' मात्र दुसरीकडे गेली नाही, तिला फक्त निरोपाचा भाग मिळाला.

पुणतांब्यातून उठलेल्या संपाचं बळही तिथेच होतं. शेतकऱ्यांच्या हातात दूध आणि भाजीपाला होता. तो थांबला की शहराला दुसऱ्याच दिवशी कळतं. तरीही ३ जूनच्या पहाटे काही नेत्यांनी सरकारशी चर्चा करून संप मागे घेतला आणि आंदोलनात फूट पडली. बाकीच्यांनी तो चालू ठेवला. ११ जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली, २४ जूनला ३४ हजार कोटींची योजना जाहीर झाली. पण माफीला दीड लाखाची मर्यादा आली आणि हमीभावाची मागणी मागेच राहिली.

प्रेक्षकाच्या हातात थांबवण्यासारखं एकच असतं, महिन्याचं सबस्क्रिप्शन. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे जगभरात १० कोटींच्या आसपास ग्राहक होते. त्यातल्या काही हजारांनी ते बंद केलं तरी कंपनीचं फारसं अडत नाही.

म्हणूनच एखादी नवी सायन्स फिक्शन मालिका आवडली, तर पोस्ट टाकण्याआधी ती शेवटपर्यंत बघणं जास्त कामाचं. नेटफ्लिक्स २०२३ पासून आपल्या याद्यांमध्ये पाहिलेले एकूण तास भागिले मालिकेची लांबी असं करून 'व्ह्यूज' मोजतं. दोन भाग पाहून सोडलेली मालिका त्या हिशोबात पूर्ण एक व्ह्यूही ठरत नाही, मग तिच्यावर तुम्ही कितीही मीम बनवलेली असोत.