गोदातीरची माती आणि सागरतळाची बखर

परभणी जिल्ह्यापासून समुद्र शेंकडों मैल दूर. तेव्हां येथील शेतीचा इतिहास सागरतळाशीं शोधावा, असें कोणीं म्हटलें तर वाचकांस नवल वाटेल. परंतु संत जनाबाईंच्या गंगाखेडास ज्यांनीं भर पावसाळ्यांतील गोदावरी पाहिली आहे, त्यांना तिच्या गढूळपणाचें कारण सांगावयास नको. मात्र तो नुसता चिखल नव्हे. पाला, मुळें, शेणखत कुजून काळ्या रानांत जो कर्ब सांचतो, तोही मातीच्या कणांस चिकटून गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या पाण्याबरोबर बंगालच्या उपसागराकडे निघालेला असतो.

सन २००६ मध्यें गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळास छिद्र पाडून गाळाचा एक लांब स्तंभ वर काढण्यांत आला. लिव्हियू जोसान व त्यांचे सहकारी यांनीं त्यावरून २०१७ सालीं जें अनुमान प्रसिद्ध केलें, तें आम्हांस फार उद्बोधक वाटतें. पाऊस घटला म्हणजे धूपही घटेल, असा सामान्य समज. घडलें तें उलट. सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं पर्जन्यमान क्षीण होऊं लागलें, गवत व झाडोरा विरळ झाला आणि उघड्या जमिनीवर सरी कोसळतांच माती अधिकच वाहूं लागली. तिच्यासवें गेलेला कर्बही अधिक जुना निघाला. म्हणजे वरचा थर जाऊन खालची पुराणी माती उघडी पडत होती. पुढें दख्खनच्या पठारावर शेती आली, लोहयुगांत ती पसरली, आणि या ऱ्हासास मनुष्याचाही हात लागला.

येथें कुणब्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. आपली माती गेली खरी, पण तिच्यावर आंध्रांतील भातखाचरें पोसलीं, असें समाधान एके काळीं मानतां आलें असतें. आतां तेंही उरलें नाहीं. जायकवाडी, श्रीरामसागर यांसारख्या धरणांत गाळ अडूं लागला. १९७० च्या दशकांत गोदावरी वर्षास सुमारें १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत असे. १९९० च्या दशकांत तो ६ कोटी टनांच्या आंत आला, आणि तिच्या मुखाजवळचा किनारा समुद्र खाऊं लागला. रानाचें धन रानांत नाहीं, किनाऱ्यासही नाहीं; तें धरणाच्या तळाशीं पडून आहे.

ताम्रपटांवरून राजांचीं दानें कळतात. या गाळावरून भूमीचा तोटा कळतो. उताराला आडवी पेरणी, शेताचे बांध, उन्हाळ्यांत जमिनीवर राहूं दिलेला काडीकचरा या गोष्टी क्षुल्लक दिसतात खऱ्या. परंतु अवर्षणानंतरची पहिली सर याच वस्तूंवर अडते, हें चार हजार वर्षांच्या या बखरीनें आम्हांस शिकविलें आहे.