विमानातला आठवा माणूस

लँकेस्टर बॉम्बर विमानात साधारण सात जण असत. ब्रिटिश हवाई दलाच्या १०१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये मात्र ऑक्टोबर १९४३ पासून आठवा माणूस दिसू लागला. तो बॉम्ब टाकत नसे, बंदूक चालवत नसे. तो जर्मन ऐकत असे.

रात्री जर्मन लढाऊ विमानांना बॉम्बर कुठे आहेत हे जमिनीवरून रेडिओवर सांगितलं जाई. आठवा माणूस छोट्या पडद्यावर संदेशाची खूण शोधायचा, कान लावायचा, आवाज जर्मनच आहे अशी खात्री झाली की त्याच फ्रिक्वेन्सीवर कर्कश गोंगाट सोडायचा. समोरच्याने फ्रिक्वेन्सी बदलली की हा पुन्हा मागे. तो खोटे हुकूम द्यायचा असं अनेकदा लिहिलं जातं. पण ती वेगळी मोहीम होती, आणि तिचे आवाज इंग्लंडमधून जात. याचं काम फक्त गोंगाट.

या यंत्रणेचं गुप्त नाव होतं ‘एअरबोर्न सिगार’. ती असलेली विमानं बाकीच्यांचं संरक्षण करत. त्यामुळे जवळपास प्रत्येक मोठ्या हल्ल्यात १०१ ला जावंच लागे, इतर स्क्वाड्रनना सुट्टी असली तरी. शिवाय सतत गोंगाट करणारं विमान अंधारात स्वतःचाच पत्ता देत असतं. लिंकनशरमधल्या लडफर्ड मॅग्ना या चिखलाच्या तळावरून निघालेल्या या स्क्वाड्रनचे युद्धात ११०० हून अधिक जण मेले. संपूर्ण बॉम्बर कमांडचे मेले ५५,५७३.

आकडे वाचून मी पुढे सरकलो असतो. थांबलो ते एका तपशिलापाशी. या आठव्या माणसांपैकी काही जण नाझींपासून पळून आलेले ज्यू होते. पकडले गेलो तर काय होईल हे त्यांना इतरांपेक्षा नीट ठाऊक होतं, म्हणून काहींनी इंग्रजी नावं घेतली होती. एकटं, अंधारात, हेडफोन लावून बसायचं. कानात घरात बोलली जाणारी भाषा. आणि याच विमानाच्या पोटात त्या भाषेच्या शहरांवर टाकायचे बॉम्ब, कारण गोंगाट करणारी विमानंही बॉम्ब नेतच होती. १९४३-४४ च्या हिवाळ्यात त्यातलं मुख्य शहर होतं बर्लिन.

कामाबद्दल बोलायची मनाई होती. सोबतच्या सात जणांशीसुद्धा.