जुनी वेताची खुर्ची निवडताना

गिरगावातील आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली, तेव्हा आजोबांच्या आरामखुर्चीचे काय करायचे हा प्रश्न निघाला. खुर्ची सागवानी होती, हात लांबलचक आणि बैठकीपासून पाठीपर्यंत एकसंध वेताची वीण. पाठीकडे ती वीण वीतभर फाटली होती. तात्पुरत्या भाड्याच्या घरात ती मावणार नाही, यावर घरात सर्वांचे चटकन एकमत झाले आणि रद्दीच्या गठ्ठ्यांसोबत खुर्चीही भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली. काही वर्षांनी चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर अगदी तशीच खुर्ची दिसली. किंमत विचारली आणि आम्ही काय देऊन टाकले हे तेव्हा उमगले.

चूक भरून काढण्याच्या भरात प्रस्तुत लेखकाने दुसरी चूक केली. एका विक्रेत्याकडून ‘इंग्रजांच्या अमदानीतील’ म्हणून वेताच्या दोन खुर्च्या घेतल्या. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या पायांखाली पिवळसर भुकटी साचू लागली, हातांवरचे काळपट पॉलिश चिकट होऊन निघाले आणि आतून फिकट, कोवळे लाकूड डोकावू लागले. खुर्च्या फार तर दोन-तीन वर्षांच्या असाव्यात. पुढील माहितीचा बराचसा भाग त्या फसगतीनंतर सुतार आणि विणकर यांच्याकडून शिकलेला आहे.

आधी वेताविषयी. वेत म्हणजे बांबू नव्हे. बांबू हे गवताच्या कुळातील आणि आतून पोकळ. वेत ही ताडाच्या कुळातील काटेरी वेल असून ती आतून भरीव असते. तिच्या चकचकीत सालीच्या अरुंद पट्ट्या काढून त्यांनी खुर्ची विणतात. जगात सर्वाधिक वेत इंडोनेशियात होतो; आपल्याकडे ईशान्य भारत, अंदमान आणि केरळच्या जंगलांत तो आढळतो. पौर्वात्य व्यापारात उतरलेल्या पोर्तुगीज, डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून सतराव्या शतकात हा वेत युरोपात गेला व १६६० नंतर इंग्लंडमध्ये वेताच्या बैठकीची खुर्ची घरोघर दिसू लागली. उष्ण प्रदेशांतील वसाहतींत तर तिला पर्यायच नव्हता. गादीत घाम मुरतो, ढेकूण होतात. वेताच्या जाळीतून वारा खेळतो.

मुंबई-पुण्याच्या बाजारात ‘अँटिक’ या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या घराण्यांच्या खुर्च्या एकत्र मांडलेल्या असतात. आपल्यासमोर कोणती आहे हे ओळखता आले तर निम्मे काम झाले. लांब हातांची आरामखुर्ची ही मळेवाल्यांची खुर्ची म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या हातांखाली दडलेल्या फळ्या बाहेर फिरवल्या की त्यांवर पाय पसरता येतात. डाक बंगले, क्लब आणि साहेबांचे व्हरांडे यांतून ती आपल्या मध्यमवर्गीय घरांत आली. मात्र पाय पसरले की ती माणसाच्या उंचीएवढी जागा अडवते. दहा बाय बाराच्या खोलीत ही खुर्ची आली, की घरातील इतरांना तिला वळसा घालूनच वावरावे लागते. ज्यांच्याकडे गॅलरी अथवा अंगण आहे, त्यांनीच तिचा मोह धरावा.

इराणी हॉटेलातील वाकवलेल्या लाकडाची खुर्ची अगदी निराळ्या कुळातील. मिखाएल थोनेट या कारागिराने बीच जातीचे लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवण्याची कला साधली आणि १८५९ मध्ये ‘क्रमांक १४’ची खुर्ची बाजारात आणली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती जगभर गेली. १९३० पर्यंत तिचे सुमारे पाच कोटी नग विकले गेले असे सांगतात. १८६९ मध्ये थोनेटचा एकाधिकार संपला आणि मध्य युरोपातील अनेक कारखाने तशाच खुर्च्या काढू लागले. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ साली सुरू झालेल्या ब्रिटानियासारख्या इराणी हॉटेलांतून त्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या. काहींची बैठक वेताची, काहींची प्लायवुडची. बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूस कधी कागदी चिठ्ठी, कधी ठसा सापडतो. तो अवश्य वाचावा. चिठ्ठीवर ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर खुर्ची १९१८ नंतरचीच, कारण तो देशच त्या वर्षी जन्मला. अशा खुर्चीला कोणी ‘व्हिक्टोरिया राणीच्या काळातली’ म्हणू लागले, तर राणी १९०१ मध्ये वारली याची त्यांना नम्रपणे आठवण करून द्यावी.

गोव्याकडून येणाऱ्या खुर्च्या भारदस्त असतात. शिसवी लाकूड, उंच पाठ, कोरीव माथा आणि बैठकीला वेत. चांदोर येथील ब्रागांझांच्या वाड्यातील दालने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा थाट ठाऊक आहे. मुंबईतही एकोणिसाव्या शतकात शिसवीवर दाट नक्षी कोरून सामान बनत असे. ते ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणून ओळखले जाते. या खुर्च्या दिसायला देखण्या, पण पाठीला नक्षी टोचते हेही खरे. त्या दिवाणखान्यात शोभतात. त्यांवर बसून वर्तमानपत्र वाचून पाहावे आणि मगच ठरवावे.

अलीकडे चौथ्या एका घराण्याची चलती आहे. चंदीगड शहर वसवताना पिएर जानेरे यांच्या देखरेखीखाली १९५०च्या दशकात सरकारी कचेऱ्या व महाविद्यालयांसाठी सागवान आणि वेत यांच्या तिरप्या पायांच्या खुर्च्या तयार झाल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या, गोदामांत आणि गच्च्यांवर ढीग पडले, भंगाराच्या भावात लिलाव झाले. आणि त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेतील लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागल्या. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चंदीगडच्या या वारशाच्या विक्रीला आणि परदेशी पाठवणीला आवर घालणारा आदेश काढला. आज शहरोशहरी त्यांच्या नकला मिळतात. नक्कल म्हणून घेतली तर त्यात काही वावगे नाही, बसायला ती उत्तमच. पण पाठीमागे रंगवलेले कार्यालयाचे जुने क्रमांक दाखवून कोणी ‘अस्सल’ म्हणू लागला, तर लक्षात ठेवावे की क्रमांक रंगवायला ब्रश पुरतो.

खुर्ची उलटी करून पाहा

दुकानात गेल्यावर समोरून खुर्ची पाहण्यात वेळ घालवू नये. ती उलटी करावी. विक्रेता नाराज झाला तर तेवढ्यानेच पुष्कळ काही कळते.

खालच्या बाजूला पॉलिश नसते, म्हणून तेथे लाकूड खरे बोलते. जुन्या लाकडावर काळाची करडी-तपकिरी छटा असते आणि ती सर्वत्र सारखी नसते. हात लागतो तेथे गडद, कोपऱ्यांत फिकट. नव्या लाकडाला चहाचे पाणी किंवा रंग फासून केलेला काळेपणा एकसारखा दिसतो. झीजही पाहावी. हातांची टोके, पायांना जोडणारी पुढची आडवी पट्टी आणि पाठीचा माथा या जागा वापराने गुळगुळीत होतात. जेथे कुणाचा हात वा पाय लागण्याचा संभव नाही तेथेच घासल्याच्या खुणा असतील, तर त्या काचकागदाच्या. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकानंतरचा. तो दिसला म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही, दुरुस्तीतही तो येतो. मात्र सर्वच स्क्रू तसे असतील तर शंभर वर्षांच्या गोष्टी ऐकून सोडून द्याव्यात. चांगल्या जुन्या खुर्चीत खिळे फारसे नसतात. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेले असते आणि वरून लाकडी खुंटी ठोकलेली असते.

सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही. बीच मात्र किडीला चटकन बळी पडते. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर घाबरून जाऊ नये, ती जुनी व मेलेली असू शकतात. छिद्रांच्या कडा फिकट आणि ताज्या आहेत का, खुर्ची हलकेच ठोकल्यावर भुकटी पडते का, हे पाहावे. शंका असल्यास घरी आणल्यावर महिनाभर इतर सामानापासून दूर ठेवून खाली वर्तमानपत्र अंथरावे (ते आमचेच असावे असा आग्रह नाही). भुकटी साचली तर कीड जिवंत आहे.

आता एक खोड, जी खास आपल्याकडची. आपल्या घरांतील फरशी रोज पाण्याने पुसली जाते. वर्षानुवर्षे ते पाणी शोषून खुर्चीचे पाय तळाशी कुजतात आणि मग कोणीतरी सुतार चारही पाय दोन-अडीच इंच कापून टाकतो. खुर्ची दिसायला धडधाकट, पण जेवणाच्या टेबलाशी बसले की हनुवटी ताटापाशी येते. टेबल साधारण तीस इंच उंच असते. त्यासाठी बैठक सतरा-अठरा इंचांवर हवी. खिशात मोजपट्टी ठेवावी. आरामखुर्चीच्या बाबतीत हे माप गैरलागू आहे, तेथे प्रश्न उलटा असतो: घरातील वयस्कर माणसाला तीतून आधाराशिवाय उठता येते का? ज्याच्यासाठी खुर्ची घ्यायची, त्याला दुकानात न्यावे आणि निदान दहा मिनिटे बसू द्यावे.

बसताना करकर आवाज आला तर तो वेताचा की सांध्याचा हे ओळखावे. वेत कुरकुरतो, ते स्वाभाविक आहे. सांधा सैल असेल तर पाठीला हात लावून किंचित हलवताच चौकट तिरपी होते. सांधा पुन्हा सरसाने बसवता येतो. चौकटच तडकलेली असेल, विशेषतः वेताच्या छिद्रांच्या रांगेतून, तर खुर्ची सोडून द्यावी. नवी वीण ओढली जाताना ती चौकट त्याच रेषेत फाटते.

वेत जुना नसतो

खरेदीदार नेमका येथेच चुकतो. ‘मूळचा शंभर वर्षांचा वेत आहे’ हे विक्रेत्याचे आवडते वाक्य. पण नित्य वापरातील वीण काही दशकांतच ठिसूळ होते व ती बदलावीच लागते. त्यामुळे जुन्या लाकडावर नवा वेत हा दोष नाही, आणि फाटकी वीण हे तर किंमत कमी करून घेण्याचे उत्तम निमित्त आहे. पाहायचे ते एवढेच, की वीण कोणत्या पद्धतीची आहे. हातविणीत चौकटीला सभोवार छिद्रे असतात व त्यांतून पट्ट्या ओवलेल्या असतात: दोन पदर उभे, दोन आडवे, दोन तिरपे. त्यांतून अष्टकोनी जाळी उमटते. दुसऱ्या प्रकारात यंत्रावर विणलेली तयार जाळी चौकटीच्या खाचेत दाबून वर वेताची काडी बसवतात. अशी जाळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली, म्हणजे तीही पुरेशी जुनी आहे. पण ज्या चौकटीत जुनी छिद्रे बुजवून नंतर खाच कोरली आहे, ती खुर्ची कामचलाऊ दुरुस्तीतून गेली आहे असे समजावे.

प्लास्टिकचा वेत ओळखणे सोपे आहे. त्याची पट्टी दोन्ही बाजूंनी सारखीच गुळगुळीत आणि रंगाने एकजात असते. खऱ्या वेताची वरची बाजू चकचकीत, खालची तंतुमय आणि मधूनमधून पेराची खूण. प्लास्टिक टिकते, नाही असे नाही. पण उन्हाळ्यात ते अंगाला चिकटते आणि वेताची खुर्ची घेण्याचे कारणच त्यामुळे उरत नाही.

खऱ्या वेताची झोळ पडलेली बैठक घरीही ताणता येते. खालच्या, तंतुमय बाजूने कोमट पाण्यात भिजवलेले कापड तासभर लावून ठेवावे आणि खुर्ची सावलीत वाळू द्यावी. सुकताना वीण आक्रसते. फार कोरड्या हवेत, एअर कंडिशनरच्या झोतात किंवा थेट उन्हात वेत तडकतो, तर पावसाळ्यात बुरशी धरतो. कोरड्या कापडाने पुसणे आणि वारा लागू देणे एवढे पुरे. वीण भार पसरून घेते, टोक सोसत नाही. पंखा पुसण्यासाठी खुर्चीवर उभे राहणाऱ्यांनी यापुढे स्टूल वापरावे.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे आजोबांची खुर्ची पाठवण्याचा विचार अनेक घरांत असतो. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वा कलात्मक मोलाची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते व ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शिसवी लाकडाच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर २०१७ पासून वन्य प्रजातींविषयीच्या ‘सायटीस’ कराराचीही बंधने आली आहेत. वय शंभरच्या आसपास वाटत असेल तर पेटी बांधण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी.

कोठे शोधावे? मुंबईत मटन स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याची फर्निचरची दुकाने आहेत. पुण्याचा जुना बाजार आहे. ओशिवऱ्यात जुने आणि ‘जुने केलेले’ शेजारी शेजारी असते, तेव्हा डोळे उघडे ठेवावेत. दक्षिणेत जाणे झाले तर कारैकुडी आणि कोचीची ज्यू टाउन पाहावी. पण सर्वांत आधी आपल्या गावच्या घराचा माळा पाहावा.

विणकर मिळणे मात्र खुर्ची मिळण्याहून अवघड झाले आहे. वेताच्या जुड्या सायकलला बांधून हाळी देत फिरणारा कारागीर आता क्वचित दिसतो. एकेकाळी सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत खुर्च्या विणण्याच्या जागांवर अंध कर्मचारी नेमले जात. अंधशाळांतून हे काम शिकवले जाई. कचेऱ्यांत फोमच्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, तसे ते काम आटले. तरीही आपल्या शहरातील अंधांच्या प्रशिक्षण संस्थेत एकदा चौकशी करावी. माझ्या दोन खोट्या खुर्च्यांपैकी एक अशाच एका अंध कारागिराने विणून दिली. त्यांनी चौकटीवरून एकदा बोटे फिरवली, छिद्रे मोजली आणि म्हणाले, ‘लाकूड आंब्याचं आहे, साहेब. पण वीण मी चांगली देतो.’