बावचीच्या उन्हापासून गर्भाशयमुखापर्यंत

कोडाच्या डागावर बावचीच्या बियांचा लेप लावायचा आणि तो भाग उन्हात धरायचा, हा आयुर्वेदातला फार जुना उपाय. औषध आणि ऊन, दोन्ही एकत्र आली तरच गुण येतो. गर्भाशयमुखावरच्या कर्करोगपूर्व बदलांसाठी आज जो प्रकाशोपचार अजमावला जातो आहे, त्याचं हे सख्खं नसलं तरी चुलत घराणं.

सख्खी शाखा म्युनिकची. तिथे ऑस्कर राब हा वैद्यकीचा विद्यार्थी ॲक्रिडिन या रंगद्रव्याचा पॅरामिशियमवरचा परिणाम पाहत होता. मात्रा तीच, पण हे सूक्ष्मजीव कधी पटकन मरत, कधी तगून राहत. फरक उजेडाचा होता. १९०० साली त्याने हे छापलं. १९०३ मध्ये त्याचे गुरू टापायनर यांनी इओसिन आणि प्रकाशाचा प्रयोग त्वचेच्या गाठींवर केला. त्यानंतर गाडी रेंगाळली ती १९७८ मध्ये बफेलोच्या टॉमस डॉगर्टी यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष मांडेपर्यंत. गर्भाशयमुखावर आता मलम लावतात. त्यातून पेशी पोर्फिरिन बनवतात, बिघडलेल्या पेशींत ते जास्त साठतं, आणि लाल प्रकाश पडला की ऑक्सिजनच्या मदतीने त्या पेशी मरतात. काही कापावं लागत नाही. मुलं व्हायची असलेल्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण तिथला भाग कापून काढला तर पुढे दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो.

पण उपचाराआधी तपासणीचा उजेड तिथवर पोचायला हवा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. जानेवारी १९८९च्या 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी अंतर्गत तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. पांढरं जाणं, कंबर दुखणं बायका अंगावर काढत होत्या. मला या मागोव्यातली सर्वांत महत्त्वाची तारीख हीच वाटते. म्युनिकइतकंच गडचिरोलीचंही नाव या वंशावळीत यायला हवं.

कर्करोगपूर्व बदलांची तपासणी तशी साधी आहे. चांगल्या दिव्याच्या उजेडात नर्स गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्लाचा बोळा लावते, मिनिटभर थांबते. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

सरकारच्या २०१६च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आयाबहिणींनो, आशाताईला विचारा, आरोग्य केंद्रात जा आणि तपासणी मागून घ्या.