सन १८५७ : अफवा आणि भीती

इंग्रजी अमदानीत खेड्यापाड्यांत वर्तमानपत्र पोहोचत नसे. बातमी यायची ती वाटसरू, गोसावी, व्यापारी यांच्या तोंडून, आणि देवळाच्या ओसरीवर तिचा खल व्हायचा. सत्तावन्नचे बंड पेटण्यास अशा बातम्यांचा मोठा हातभार लागला.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम छावणीत एका खलाशाने ब्राह्मण शिपायाजवळ पाण्याचा लोटा मागितला. शिपायाने नकार देताच तो म्हणाला, गाईडुकरांची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडाल, तेव्हा तुमची जात कोठे राहील? ही गोष्ट हां हां म्हणता छावण्याछावण्यांतून पसरली. शिपायांनी वंगण स्वतःच आणून लावावे, अशी मुभा सरकारने दिली. पण त्याने संशय फिटण्याऐवजी बळावलाच. कानपुरात स्वस्त पीठ आले, तर त्यात हाडांची पूड असल्याची आवई उठली.

लोकांनी यावर विश्वास ठेवला यात नवल नाही. सातारा १८४८ साली, नागपूर १८५४ साली, अयोध्या १८५६ साली खालसा झाली होती. राज्ये गिळणारा धर्म सोडील, असे कोणास वाटेना.

मीरतेस २४ एप्रिलला घोडदळाच्या ८५ जणांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. वास्तविक ती जुनीच, बिनचरबीची होती! ९ मे रोजी सर्व पलटणींसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, गोरी पलटण प्रार्थनेसाठी जमत असता बाजारात ओरड झाली की, गोरे हत्यारे हिसकावण्यास येत आहेत. त्या ओरडीसरशी पलटणी उठल्या आणि सकाळी दिल्लीत शिरल्या.

साहेबलोकही तितकेच धास्तावलेले होते. कानपुरास जनरल व्हीलरने बायकामुलांसाठी मोर्चेबंदी करून तोफा मांडल्या. त्या आपल्यावरच चालणार, असे शिपायांनी मानले आणि जूनमध्ये तेही उठले.

याच सुमारास कोकणातील वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे, घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवण्यास उत्तरेकडे निघाले होते. धर्म बुडवण्यासाठी सरकारने चौऱ्याऐंशी कलमे काढल्याची वार्ता त्यांनी शिपायांकडून ऐकली. अशी कलमे सरकारने केलीच नव्हती. विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा मात्र खरा होता. पुढे पंचवीसेक वर्षांनी ‘माझा प्रवास’ लिहिताना गोडसे भटजींना ती कलमे आठवत होती.